मंडळीचा कारभार : बिशपच्या चर्चमधील अदीक्षितांच्या अभ्यासाची प्रस्तावना

१८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याचे पाचवे कलम काढून वाचावे. लग्न लावण्याचा अधिकार कोणाला, याची यादी तिथे दिली आहे. पहिला मान बिशपच्या हातून दीक्षा मिळालेल्या धर्मसेवकाचा. त्याच्यामागे स्कॉटलंडच्या चर्चचा पाळक, मग परवाना घेतलेले इतर पाळक, मग सरकारने नेमलेला विवाह निबंधक. सर्वांत शेवटी, पाचव्या क्रमांकावर, भारतीय ख्रिस्ती लोकांना विवाहाचे दाखले देण्याचा परवाना मिळालेला माणूस. याला दीक्षा लागत नाही, झगा लागत नाही. नवव्या कलमाप्रमाणे सरकार कोणाही ख्रिस्ती व्यक्तीला हा परवाना देऊ शकते. पाळक गावोगाव पोचत नाही आणि लग्ने त्याच्यासाठी खोळंबत नाहीत, हा व्यवहार कायदा लिहिणाऱ्यांनी ओळखलेला दिसतो.

बिशपपासून निघून या साध्या माणसापाशी संपणाऱ्या यादीच्या मधल्या जागेत एक मोठे अभ्यासक्षेत्र पडून आहे. मराठीत ख्रिस्ती समाजाविषयी लिहिले गेले ते मुख्यतः तीन वाटांनी : मिशनऱ्यांची चरित्रे, धर्मांतराचा इतिहास आणि ख्रिस्ती साहित्याची समीक्षा. तिन्ही वाटांवर चांगले काम झाले आहे. पण रविवारी उपासना संपल्यावर अर्पणाचे पैसे कोण मोजतो, छप्पर गळायला लागले तर कोणाला विचारून पत्रे बदलायचे, पाळकाची बदली झाली की किल्ल्या कोणाकडे राहतात, असल्या प्रश्नांकडे कोणी वळले नाही. विद्वानांना ते क्षुल्लक वाटले असावेत. माझ्या मते चर्च नावाची संस्था कळायची असेल तर बिशपच्या सिंहासनापेक्षा खजिनदाराच्या वहीपासून सुरुवात करणे बरे. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या वाचकाला चार गोष्टी हाताशी असाव्यात म्हणून हे लिहितो आहे. वाचक ख्रिस्ती असलाच पाहिजे असे नाही. संस्था कशा चालतात याचे कुतूहल असले तरी पुरे.

आधी रचना सांगतो. ज्या चर्चमध्ये देखरेखीचा अधिकार बिशपकडे असतो त्यात दीक्षितांच्या तीन पायऱ्या असतात : बिशप, प्रेस्बिटर आणि डीकन. गावच्या मंडळीत, म्हणजे तिथल्या चर्चच्या सभासदांत, ज्याला आपण पाळकसाहेब म्हणतो तो प्रेस्बिटर. बाकी सगळे अदीक्षित. यात शिक्षक, कारकून, नर्सबाई, शेतकरी, शेतमजूर, निवृत्त एस.टी. कंडक्टर कोणीही आले. एक किंवा अनेक मंडळ्या मिळून पास्टोरेट होते. सभासदांच्या सर्वसाधारण सभेतून पास्टोरेट कमिटी निवडली जाते, तिला एक सेक्रेटरी आणि एक खजिनदार असतो आणि अध्यक्षस्थानी पाळक बसतो. अनेक पास्टोरेटांचा एक डायोसिस, म्हणजे धर्मप्रांत, आणि सर्व डायोसिसांच्या वर सिनड. डायोसिसच्या कौन्सिलमध्ये आणि सिनडमध्येही पाळकांच्या बरोबरीने अदीक्षित प्रतिनिधी बसतात. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची, म्हणजे सीएनआयची, ठेवण स्थूलमानाने अशी आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे ऐकून सहकारी संस्था आठवेल. वार्षिक सभा, निवडणूक, ऑडिट, कोरम, सगळे ओळखीचे. तुलना बऱ्याच अंशी जमते. जिथे ती तुटते तिथे मात्र नीट पाहावे, कारण खरा विषय तिथेच आहे. सोसायटीचा मॅनेजर संचालक मंडळ नेमते आणि काढते. पाळकाला कमिटी नेमत नाही. त्याला बिशप पाठवतो आणि बिशपच त्याची बदली करतो. उपासना कशी चालावी, प्रभुभोजन कोणी द्यावे, हे कमिटीच्या मतदानाने ठरत नाही. दुसरीकडे, रोजचा पैसा पाळकाच्या खिशात नसतो. तो खजिनदाराच्या सहीने जमा होतो आणि कमिटीच्या ठरावाने खर्च पडतो. तिसरी गोष्ट जमिनीची. चर्चची इमारत, पाळकाचे घर, कब्रस्तान यांची मालकी बहुतेक ठिकाणी ना कमिटीकडे असते ना पाळकाकडे. ती वेगळ्या ट्रस्ट असोसिएशनच्या नावे असते. नेमणूक एकाकडे, थैली दुसऱ्याकडे, सातबारा तिसऱ्याकडे. भांडणे होतात ती या तिघांच्या सीमेवर, आणि समजूतदारपणाही तिथेच पाहायला मिळतो. पाळक चार-पाच वर्षांनी बदलून जातो. खजिनदार मात्र वीस-वीस वर्षे तोच असू शकतो. कागदावर बिशपच्या हाती असलेली मंडळी प्रत्यक्षात कोणाच्या हाती आहे, याचे उत्तर दर ठिकाणी वेगळे येते ते यामुळे.

ही व्यवस्था कुठून आली? इंग्लंडमध्ये गावच्या चर्चचे वॉर्डन आणि वेस्ट्री नावाची ग्रामस्थांची सभा फार जुनी. १६०१ च्या गरिबांसंबंधीच्या कायद्याने गावातल्या दुबळ्यांना पोसण्याची जबाबदारी गावच्या चर्चच्या हद्दीवर पडली, आणि चर्चचा वॉर्डन हा एक प्रकारचा सरकारी अधिकारीच झाला. अमेरिकेत व्हर्जिनियाच्या मळेवाल्यांनी वेस्ट्रीचा वापर पाळकाला वर्षावर्षाच्या करारावर ठेवून त्याला कायम होऊ न देण्यासाठी केला. जॉर्ज वॉशिंग्टन हे अशाच एका वेस्ट्रीचे सभासद होते. स्वातंत्र्यानंतर तिथल्या एपिस्कोपल चर्चने आपल्या सर्वोच्च सभेतच अदीक्षितांना जागा दिली. बिशपांचे एक सभागृह आणि पाळक व अदीक्षित प्रतिनिधींचे दुसरे, ही तिथली पद्धत आजही चालू आहे. स्त्रियांना मात्र त्या दुसऱ्या सभागृहात बसायला १९७० उजाडावे लागले. इंग्लंडमध्ये निवडून आलेल्या चर्च कौन्सिलांना कायद्याने अधिकार मिळाले ते १९२१ साली.

आपल्याकडे गोष्ट वेगळ्या क्रमाने घडली. कंपनी सरकारच्या आणि नंतर राणीच्या सरकारच्या पगारावर असलेले चॅपलन छावण्यांत आणि सिव्हिल लाइन्समध्ये उपासना चालवत. तिथल्या चर्चची काळजी घेणारे अदीक्षित म्हणजे साहेबलोकच. देशी मंडळी मिशनच्या ताब्यात. या दोन्हींना एका घटनेखाली आणण्याचे काम विसाव्या शतकात झाले, आणि त्यात मुंबईचे बिशप एडविन जेम्स पामर यांचा वाटा मोठा होता. १९२७ चा इंडियन चर्च अॅक्ट झाला आणि १ मार्च १९३० पासून हिंदुस्थानातले अँग्लिकन चर्च इंग्लंडच्या राजसत्तेपासून सुटे झाले. त्याच्या नव्या घटनेत बिशप, पाळक आणि अदीक्षित अशा तिन्ही वर्गांना कौन्सिलांत जागा होती. ज्या महिन्यात गांधीजी दांडीला मीठ उचलायला निघाले त्याच महिन्यात ही घटना अमलात आली. या योगायोगावर फार भार टाकू नये, पण लक्षात ठेवायला हरकत नाही.

आता यवतमाळकडे वळू. बिशपच्या चर्चचा अभ्यास म्हटला की मुंबई, पुणे, नागपूर ही नावे सुचतात. कापसाच्या आणि कोलामांच्या या जिल्ह्याचे नाव कोणी घेत नाही. तरीही मी नव्या अभ्यासकाला यवतमाळच सुचवीन, आणि त्याची कारणे भक्कम आहेत.

१९०५ पर्यंत या जिल्ह्याचे नाव वणी होते, इंग्रजी कागदांत वुन. जुने कागद शोधताना हे माहीत नसले तर माणूस रिकाम्या हाती परततो. वणीच्या पलीकडे वर्धा नदी ओलांडली की चांदा, आजचे चंद्रपूर. तिथे स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चचे मिशन होते. त्या मिशनमध्ये अनेक वर्षे काम केलेले अॅलेक्स वुड १९२६ साली नागपूरचे बिशप झाले. नागपूरचा धर्मप्रांत १९०३ मध्ये स्थापन झाला होता. मध्यप्रांत आणि वऱ्हाडासह मध्य हिंदुस्थानाचा अफाट पट्टा त्यात होता आणि पहिले बिशप होते एअर चॅटर्टन. एवढ्या पसाऱ्यात एका बिशपने किती ठिकाणी जातीने लक्ष घालावे? नकाशा पुढे ठेवला की अदीक्षितांवाचून कारभार चालणे शक्यच नव्हते, हे वेगळे सांगावे लागत नाही.

यवतमाळ शहरात मात्र वजन होते ते फ्री मेथडिस्ट मिशनचे. अर्नेस्ट वॉर्ड आणि फीबी वॉर्ड हे अमेरिकन दांपत्य १८८१ मध्ये हिंदुस्थानात आले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात यवतमाळ हे त्या मिशनचे ठाणे झाले. हे चर्च अँग्लिकन नव्हे. त्याच्या बिशपपदाला प्रेषितांपासून चालत आलेल्या परंपरेचा दावाही नाही. पण देखरेख बिशपची आणि मंडळीच्या कारभारात अदीक्षितांचा हक्काचा वाटा, हे दोन्ही गुण त्यात आहेत. त्याच्या जन्माची कथा तर या विषयाच्या अभ्यासकाने पाठच करावी. न्यूयॉर्क राज्यातल्या जेनेसी कॉन्फरन्सने १८५८ मध्ये बी. टी. रॉबर्ट्स या पाळकाला मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चमधून काढून टाकले. त्या कॉन्फरन्समध्ये मत होते फक्त पाळकांना. मंडळीतल्या साध्या सभासदांनी आपली वेगळी अधिवेशने भरवून निषेध केला. त्या निषेधातून १८६० मध्ये पेकिन या गावी फ्री मेथडिस्ट चर्च उभे राहिले. श्रीमंतांनी भाडे भरून पुढचे बाक अडवण्याची चाल त्यांनी नाकारली. वार्षिक कॉन्फरन्समध्ये पाळक जितके तितकेच अदीक्षित प्रतिनिधी, असा नियम केला. आणि आपल्या प्रमुखाला १९०७ पर्यंत बिशप म्हटलेच नाही. त्याचे पद होते जनरल सुपरिंटेंडेंट.

म्हणजे यवतमाळला जे चर्च आले ते मुळातच अदीक्षितांच्या बंडातून जन्मलेले. आता अभ्यासकाने विचारावे असा प्रश्न हा : बंडखोरांचे हे चर्च सातासमुद्रापार आल्यावर इथल्या अदीक्षितांना त्याने तेवढाच अधिकार दिला का? आणि दिला तर कधी? मिशनच्या काळात सगळीकडेच दोन सभा असत. एक मिशनऱ्यांची, जिथे पैसा वाटला जाई. दुसरी मंडळीची, जिथे प्रार्थना आणि शिस्तीचे प्रश्न येत. पहिलीतून दुसरीत अधिकार कसा झिरपला, याचा इतिहास ठिकठिकाणी निराळा आहे. लंडनच्या चर्च मिशनरी सोसायटीचे हेन्री वेन आणि बॉस्टनचे रूफस अँडरसन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यालाच सांगून ठेवले होते की देशी मंडळीने स्वतःचा कारभार स्वतः करावा, स्वतःचा खर्च स्वतः भागवावा आणि प्रसारही स्वतः करावा. १८५४-५५ मध्ये अँडरसन नगरच्या अमेरिकन मराठी मिशनला येऊनही गेले. सांगणे सोपे होते. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत वऱ्हाड-मध्यप्रांतातली अनाथ मुले मिशनच्या आश्रमांत आली. तीच पुढे शिक्षक, बायबल वुमन आणि मंडळीची मेंबरे झाली. ज्या हाताने जेवू घातले त्या हाताकडे हिशेब मागायचा, ही गोष्ट त्या पिढीला किती जड गेली असेल याचा अंदाज करावा. स्वशासनाच्या सिद्धांतात या संकोचाला जागा नव्हती.

यवतमाळचे नाव देशभरच्या प्रोटेस्टंटांना माहीत झाले ते १९५३ मध्ये इथे सुरू झालेल्या युनियन बिब्लिकल सेमिनरीमुळे. वेगवेगळ्या चर्चांचे विद्यार्थी तीस वर्षे इथे शिकले. १९८३ मध्ये सेमिनरी पुण्याला हलली. यवतमाळमध्ये पुढे यवतमाळ कॉलेज फॉर लीडरशिप ट्रेनिंग ही संस्था उभी राहिली. एका जिल्ह्याच्या गावी पाळक घडवणारी संस्था इतकी वर्षे असावी आणि तिथल्या मंडळ्यांच्या कारभारावर मराठीत एकही चांगला ग्रंथ नसावा, हे चमत्कारिकच.

राजकारणाचा संदर्भही सोडता येत नाही. १९५४ मध्ये मध्य प्रदेश सरकारने न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी समिती नेमली. यवतमाळ तेव्हा मध्य प्रदेशातच होते. १९५६ च्या अहवालावर ख्रिस्ती समाज संतापला, आणि त्याच्या अनेक निष्कर्षांशी माझेही जमत नाही. पण त्यात एक शिफारस अशी होती की भारतीय ख्रिस्ती लोकांनी परदेशी पैशावर न विसंबता आपले संयुक्त, स्वतंत्र चर्च उभारावे. अहवाल निघाल्यावर चौदा वर्षांनी, २९ नोव्हेंबर १९७० रोजी, नागपूरच्याच ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात सहा चर्चे एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. या ऐक्याची बोलणी अहवालाच्या कितीतरी आधी सुरू झाली होती, त्यामुळे कार्यकारणभाव जोडू नये. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल, बॅप्टिस्ट, ब्रेद्रेन, डिसायपल्स आणि ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट त्यात आले. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट बाहेर राहिले.

या ऐक्यात कारभाराच्या तीन रीती एकाच भांड्यात पडल्या. नगरकडच्या काँग्रिगेशनल मंडळ्यांना आपला पाळक आपण निवडायची सवय होती. प्रेस्बिटेरियनांकडे वडिलांचे मंडळ होते. अँग्लिकनांकडे बिशप. नव्या घटनेने बिशप ठेवला आणि त्याच्याभोवती कमिट्यांची दाट वीण घातली. सगळ्यांना ते पचले नाही. गुजरातेतल्या ब्रेद्रेन मंडळ्यांच्या एका गटाने विलीनीकरणच मानले नाही. तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २००५ च्या निकालात न्यायालयाने सार्वजनिक न्यासाच्या मालमत्तेचा प्रश्न मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांच्या कक्षेत येतो असे म्हटले. २०१३ च्या निकालात तर ते विलीनीकरण कायदेशीर रीतीने झालेच नाही असे ठरले. कारण शोधत गेले तर आपण पुन्हा साध्या गोष्टीशी येतो : ठराव कोणत्या सभेत झाला, त्या सभेला तो अधिकार होता का, आणि मालमत्ता नावावर करायला ठराव पुरतो का. ईश्वरविद्येचे पदवीधर या निकालांकडे फिरकत नाहीत आणि वकिलांना चर्चची रचना माहीत नसते. दोन्ही वाचणारा अभ्यासक हवा आहे. त्याने संविधानाचे सव्विसावे कलमही जवळ ठेवावे. धर्माच्या बाबी सांभाळणे आणि मालमत्तेचा कारभार कायद्यानुसार करणे यांची त्यात जी विभागणी केली आहे, तीच पाळक आणि कमिटी यांच्यातली सीमारेषा आखायला उपयोगी पडते.

कमिटीवर कोण येतो, या प्रश्नाला घटनेत उत्तर आहे आणि गावात वेगळे उत्तर आहे. घटना म्हणते, प्रभुभोजनात सहभागी होणारा, नाव नोंदलेला सभासद. यवतमाळसारख्या जिल्ह्यात हे नाव नोंदणेच नाजूक होऊन बसते. अनुसूचित जातींसंबंधीच्या १९५० च्या आदेशाप्रमाणे ख्रिस्ती व्यक्तीला त्या सवलती मिळत नाहीत. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्या आदेशात सामावून घेतले गेले, ख्रिस्ती लोकांना नाही. गोंड, कोलाम, परधान यांचे तसे नाही, कारण अनुसूचित जमातीचा दर्जा धर्मावर अवलंबून नसतो. म्हणजे एकाच मंडळीत शेजारी बसणाऱ्या दोघांसाठी रजिस्टरवरच्या एका ओळीची किंमत वेगवेगळी पडते. दर रविवारी येणारा, अर्पण देणारा, पण यादीत नाव नसलेला माणूस मत देऊ शकत नाही आणि निवडूनही येऊ शकत नाही. त्यामुळे निवडणूक कधी कधी मिशनच्या जुन्या नोकरदार घराण्यांतच फिरते. मतदार याद्यांचा अभ्यास राज्यशास्त्रात नवीन नाही. मंडळीच्या सभासद यादीचा अभ्यास कोणी केलेला माझ्या पाहण्यात नाही.

बायकांचा भाग वेगळ्या वहीत सापडतो. कमिटीच्या कार्यवृत्तात त्यांची नावे उशिरा येतात, पण महिला मंडळाच्या जमाखर्चात त्या आधीपासून आहेत. बिशपच्या अधिकाराला अदीक्षित स्त्रीने प्रश्न विचारल्याचा मराठीतला सर्वांत ठळक दाखला म्हणजे पंडिता रमाबाई. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज इथे त्यांनी अँग्लिकन चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला. पुढे चेल्टनहॅमला पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याची गोष्ट निघाली तेव्हा मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. रमाबाईंनी सिस्टर जेराल्डीन आणि डोरोथिया बील यांच्याशी केलेल्या पत्रव्यवहारात आपला विवेक कोणाकडे गहाण ठेवायला साफ नकार दिला. ही पत्रे अ. भि. शहांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये छापली आहेत. रमाबाई कुठल्या कमिटीवर नव्हत्या, पण अदीक्षिताने अधिकाऱ्याशी कसे बोलावे याचा तो वस्तुपाठ आहे. इंग्रजी वाचता येत असेल तर अभ्यासाची सुरुवात त्या पुस्तकाने करायला हरकत नाही.

आता साधनांकडे. मंडळीच्या कपाटात साधारणपणे चार प्रकारची दप्तरे असतात. बाप्तिस्मा, दृढीकरण, विवाह आणि दफन यांची रजिस्टरे. कमिटीचे कार्यवृत्त. खजिनदाराची कीर्द. आणि उपासनेचे रजिस्टर, ज्याच्याकडे सहसा दुर्लक्ष होते. या शेवटच्या रजिस्टरातली एक ओळ जवळून पाहावी : तारीख, कोणती उपासना, उपदेशक कोण, हजेरी किती, प्रभुभोजन किती जणांनी घेतले, अर्पण किती, सही. खेड्यातल्या मंडळीच्या रजिस्टरात प्रभुभोजनाचा रकाना कितीतरी आठवडे रिकामा असतो, कारण प्रेस्बिटर तीन-चार गावांना एकच असतो. मात्र हजेरीचा रकाना भरलेला असतो आणि उपदेशकाच्या जागी एखाद्या गुरुजीची सही असते. बिशपच्या परवान्याने वाचन, प्रार्थना, उपदेश एवढे अदीक्षित करू शकतो. पापक्षमेची घोषणा आणि प्रभुभोजन दीक्षिताचे. दोन रकान्यांच्या त्या अंतरात त्या खेड्यातला चर्चचा खरा चेहरा दिसतो.

कीर्द वाचायला शिकावे लागते. कापसाच्या जिल्ह्यात पैसा वर्षभर सारखा येत नाही. वेचणी सुरू होऊन बाजारात कापूस गेला की अर्पण वाढते आणि पावसाळ्याच्या तोंडी, बी-बियाण्याच्या दिवसांत, ते आटते. डायोसिसला द्यायचा वाटा मात्र ठरलेला. हंगामाच्या सणाला अनेक मंडळ्यांत लोक शेतातले आणून वेदीपुढे ठेवतात. ज्वारीची कणसे, तूर, कोहळा, कोंबडी, बोंडांसकट पऱ्हाटी. उपासना झाली की आवारात त्याचा लिलाव होतो. भोपळ्याला बाजारभावाच्या कितीतरी पट बोली लागते आणि सगळे खुशीत असतात. ज्याच्या हाती वही असते तो कमिटीचा माणूस नावे लिहून घेतो, कारण सगळेच रोख देत नाहीत. ती उधारी कोणाची किती दिवस राहिली, कोणाची माफ झाली आणि कोणाला सभेत आठवण करून दिली गेली, यावरून मंडळीतले मानपान जितके कळतात तितके दहा मुलाखतींतून कळणार नाहीत. कार्यवृत्तावर मात्र आंधळा विश्वास ठेवू नये. जिथे कडाक्याचे भांडण झाले तिथे बहुधा एवढेच लिहिलेले असते : “सविस्तर चर्चा झाली व विषय पुढील सभेवर ठेवण्यात आला.” दोन तासांचा गदारोळ एका ओळीत बसवणारा सेक्रेटरी हा मोठाच शैलीकार म्हणायचा.

जिल्ह्याबाहेरची साधने विखुरलेली आहेत. फ्री मेथडिस्ट चर्चचे कागद अमेरिकेत इंडियानापोलिसच्या मार्स्टन मेमोरियल हिस्टॉरिकल सेंटरमध्ये आहेत. युनियन बिब्लिकल सेमिनरीचे ग्रंथालय पुण्यात आहे. १८४२ पासून निघालेल्या ‘ज्ञानोदय’च्या अंकांत मंडळ्यांच्या सभांच्या बातम्या मिळतात, फक्त चाळण्याचा धीर हवा. मिशनचे इंग्रजी अहवाल परदेशातल्या देणगीदारांसाठी लिहिलेले असत, हे विसरू नये. तिथे जो “विश्वासू नेटिव्ह ब्रदर” बिननावाचा भेटतो त्याचे नाव मराठी कीर्दीत मिळू शकते.

अभ्यासकाने पाळायची एक शिस्त आहे. बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदीत वडिलांची जात, अनाथाश्रमाचा उल्लेख, कधी जन्मासंबंधीचे शेरे असतात. त्यांची नातवंडे आज त्याच मंडळीत आहेत. कमिटीची लेखी परवानगी घ्यावी, नावे झाकावीत, आणि जे छापायचे ते आधी मंडळीला वाचून दाखवावे. त्यांनी हरकत घेतली तर ती ऐकावी.

शेवटी मंडळ्यांच्या सेक्रेटरींना आणि खजिनदारांना विनंती. जुनी रजिस्टरे सॅक्रिस्टीच्या ओल्या भिंतीला लागलेल्या कपाटातून काढून कोरड्या जागी ठेवा. रंगरंगोटीच्या वेळी ती रद्दीत घालू नका. मोबाइलवर का होईना, पानापानाचे फोटो काढून एक प्रत डायोसिसच्या कचेरीत आणि एक आपल्याकडे ठेवा. आणि कोणी विद्यार्थी येऊन आपल्या दारात उभा राहिला, तर आधी तो कुठल्या चर्चचा हे न विचारता त्याला कपाटाची किल्ली द्या.